भाकरतुकडा आणि टर्बो

आधी मिरजेच्या सुभेदारकाकांचं सांगतो, मग गाडीचं. सगळी नोकरी त्यांनी लष्कराच्या वर्कशॉपात ट्रकांखाली काढली आणि निवृत्त झाल्यावर घराशेजारीच पत्र्याची शेड टाकली. आज आई माझ्याशेजारी बिनघोर बसते, ती त्यांच्यामुळं.

मी म्हसवडजवळचा. शाळा नववीतच सुटली आणि आमच्याकडची पोरं जातात तसा गलाईच्या, म्हणजे जुनं सोनं गाळायच्या धंद्यात केरळात गेलो. भट्टीपुढं वर्षं गेल्यावर एक वापरलेली डिझेल गाडी घेतली, टर्बोवाली, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा असलेली. यंदा गावची यात्रा झाली की आईला पहिल्यांदाच तिकडं न्यायचं ठरलं होतं. एवढं ओझं, एवढे घाट. सोबतीच्या पोरांनी रिमॅप करून घेतलेलं. इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली मांडणी बदलली की तीच गाडी जास्त जोर लावते. मलाही ते हवं होतं, आणि भीतीही तेवढीच. आई गाडीत असताना काही बिघडलं तर?

सांगलीत हे काम करणाऱ्यानं किल्लीसुद्धा हातात घेतली नाही. इंजिन निरोगी असल्याशिवाय मी हात लावत नाही, म्हणाला. मिरजेला काकांकडून तपासून आण, ते हो म्हणाले तरच ये.

काकांनी स्कॅनर लावला, एअर फिल्टर काढून उन्हात धरला, क्लच घसरतोय का पाहिलं. मग टर्बोकडून येणारा रबरी पाइप सोडवला. आत बोट फिरवलं तर तेल. टर्बोचा पंखा दोन बोटांत धरून हलवला, तर तो खुळखुळला.

"घरी गेल्यावर गाडी कशी बंद करतोस?"

"दारात आली की लगीच."

"लगीच का रं?"

मला सांगायला लाज वाटली, पण सांगितलं. गावाच्या फाट्यावरून मी फोन करतो. तेव्हापासून आई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी असते. ती ताटकळू नये म्हणून फाट्यापासून गाडी पिदडत आणायची. आणि ती ओवाळायला पुढं आली की तिच्यासमोर इंजिन धडधडत ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून ब्रेक लागतो न लागतो तोच किल्ली फिरवायची.

काका हसले नाहीत. फडक्याला हात पुसत म्हणाले, "शर्यतीचा बैल पळून आला की तसाच दावणीला बांधत्यात व्हय? जरा फिरवत्यात न्हवं? तसं हाय हे. पंखा तापून लाल झालेला, फिरतोय, आन तू किल्ली फिरवून त्येचं तेल तोडतोस. तेल जागेवर जळतंय, बेरिंग खातंय."

मग सोडवलेला पाइप बाजूला ठेवत म्हणाले, "आत्ता जोर वाढवलास तर घाटात टर्बो बसंल. आई शेजारी आसंल तवा. मी हो म्हणणार न्हाई."

गाडी तिथंच सोडून मी यात्रेला एसटीनं गेलो. आईनं एकट्या माझ्यावरूनच तुकडा उतरवला आणि गाडी कुठं म्हणून विचारलं. मिरजेला, दवाखान्यात, म्हणालो. आमच्याकडची माणसं मोठ्या दुखण्याला मिरजेलाच जातात, त्यामुळं तिला त्यात थट्टा दिसली नाही.

"बरी हुईल न्हवं?" तिनं विचारलं.

परत गेलो तेव्हा काकांनी टर्बो उतरवून बेरिंगं बदलली होती. आतलं तेल धुऊन काढलं होतं, इंजिनात नवं भरलं होतं. ढिल्या क्लिपा बदलून पाइपांत धूर सोडून पाहिला होता, कुठून हवा गळते का ते. मग मला तासगाव रस्त्याला गाडी पळवायला लावली आणि स्वतः शेजारी स्कॅनर मांडीवर घेऊन बसले. हवेचा दाब कुठं पडतोय का, एवढंच बघत होते. परत शेडीत आल्यावर म्हणाले, "आता जा सांगलीला."

सांगलीवाल्यानं कॉम्प्युटरमधल्या मूळ मांडणीची फाईल जपून ठेवली आणि जोर हलकासाच वाढवला. काकांचा निरोप माझ्याआधीच पोचला होता: म्हातारं माणूस बसणार हाय, बेतानंच वाढव.

आईला न्यायला दारात गाडी उभी केली, तशी ती तुकडा घेऊन पुढं आली. फाट्यापासून मी सावकाश आलो होतो. इंजिन चालूच ठेवलं, तर ती बिचकून मागं सरली.

"बंद कर की रं."

"जरा दम खाऊ दे तिला. मिरजेच्या काकांनी सांगितलंय."

दवाखान्यातलं पथ्य म्हटल्यावर तिनं ते लगेच मानलं. मग सावकाश गाडीभोवती फिरत तिनं प्रत्येक चाकावर पाणी घातलं, बॉनेटवरून हात फिरवला, तुकडा लांब टाकून आली. आणि मला म्हणाली, "आता कर."

घाटात ती झोपली होती. गाडी न कण्हता चढत होती, आणि मी एकटाच जागा, इंजिनाचा आवाज ऐकत.

गाडीखाली पडल्यापडल्या काका एकदा बोलून गेले होते, की नोकरीची पहिली वर्षं केरळात समुद्राजवळ गेली, पुन्हा काही जाणं झालं नाही. ते मी विसरलेलो नाही. एक दिवस मिरजेला त्यांच्या दारात गाडी उभी करीन, तिला दम खाऊ देईन आणि मग पुढचं दार उघडून म्हणेन, काका, बसा.