सुताच्या गादीवरचे उंदीर

गुरुसिद्धप्पांच्या घरी उंदीर आले ते एका भाषणामुळे. सोलापूरच्या भवानी पेठेत टर्किश टॉवेलचे दुकान चालवणाऱ्या या गृहस्थांना त्यापूर्वी प्राणिमात्राविषयी आस्था असल्याचे कुणाच्या पाहण्यात नव्हते. दुकानाच्या पायरीवर येऊन बसणाऱ्या कुत्र्याला ते छत्रीच्या टोकाने उठवीत, आणि त्यातही हात हलका ठेवीत तो छत्रीच्या काळजीने. परंतु गल्लीतील गणेशोत्सव मंडळाचे ते अध्यक्ष होते, आणि हातात माइक असताना गप्प राहणे या माणसाला आयुष्यात कधी जमलेले नाही.

त्या वर्षी मंडळाचा कार्यवाह विरेश याने देखाव्यासाठी पुण्याहून जिवंत पांढरे उंदीर आणले. मूर्तीच्या पायाशी मातीचा उंदीर सर्वांकडेच असतो. आपला हलताडुलता असला म्हणजे शेजारच्या मंडळाची रांग आपल्याकडे वळेल, एवढाच त्यामागचा विचार. उत्सवभर त्या इवल्या जिवांनी काचेच्या पेटीच्या एका कोपऱ्यात, एकमेकांच्या अंगावर चढून, स्पीकरच्या भिंतीसमोर दिवस काढले. ते झोपले की भाविक काचेवर नाण्याने टकटक करून त्यांना उठवीत आणि मग त्यांना नमस्कार करीत. विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी आरती झाल्यावर गर्दीतल्या एका म्हातारीने विचारले, "आता ह्येंचं काय करणार रं? देवासंगं बुडवणार का?"

प्रश्न विरेशला होता. उत्तर अध्यक्षांनी दिले. "गणरायाचं वाहन हाय ते. आजपासनं ही माजी लेकरं. माज्या घरात ऱ्हातील, माज्या ताटातलं खातील." टाळ्या पडल्या. पुण्याचा दुकानदार माल परत घेत नाही, हे विरेशने त्यांच्या कानात नंतर सांगितले. दुसऱ्या दिवशी मूर्ती गेली आणि पेटी गुरुसिद्धप्पांच्या दुकानात आली.

त्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर मी भाड्याने राहतो. शिक्षण खात्यातून निवृत्त झाल्यापासून माझे जाणे-येणे त्याच जिन्याने होते, म्हणून या प्रकरणाची प्रत्येक पायरी मला पाहावी लागली.

प्रथम पेटी गल्ल्याशेजारी ठेवण्यात आली, थेट ट्यूबलाइटखाली. उंदीर हा रात्री वावरणारा प्राणी. त्याला दिवसा अंधार आणि शांतता हवी. गुरुसिद्धप्पांना गिऱ्हाईक हवे होते. एका स्थानिक दैनिकाच्या वार्ताहराने 'व्यापाऱ्याचे मूषकप्रेम' अशा मथळ्याखाली फोटो छापला आणि तेव्हापासून हे गृहस्थ प्राणिमित्र झाले. त्यांनी शेंगाचटणी लावलेला कडक भाकरीचा तुकडा उंदरापुढे धरला व विरेशने त्याचे मोबाइलवर चित्रण केले. उंदीर शिंकत शिंकत कोपऱ्यात पळाला. ते चित्रण सोलापुरात हजारोंनी पाहिले, आणि त्यांपैकी एकालाही त्या शिंका ऐकू आल्या नाहीत. नर-मादी वेगळे ठेवण्याचे भान कुणालाच नसल्याने पेटीत लवकरच दाटी झाली. त्यावर गुरुसिद्धप्पांनी 'मूषकदान' नावाचा उपक्रम काढला. गल्लीतील मुलांना मिठाईच्या खोक्यातून एकेक पिल्लू वाटण्यात आले. त्या पिल्लांचे पुढे काय झाले हे दात्याने विचारले नाही. मी विचारले, आणि जे कळले ते येथे लिहिण्यासारखे नाही.

पेटीतील घाण काढणे, पाणी बदलणे, मेलेले पिल्लू उचलणे ही कामे त्यांच्या पत्नी श्रीदेवीबाई करीत. त्या अक्कलकोटकडच्या, घरात आणि उंदरांशी कन्नडच बोलतात. पूर्वी त्या उंदराला पाहून खुर्चीवर चढत असत. आता "इल्लि बा, इल्लि बा", म्हणजे इकडे ये, असे म्हणून हात आत घालीत, आणि उंदीर खरोखरच त्यांच्या तळव्यावर येत. नवऱ्याच्या हातावर एकही येत नसे. फोटोसाठी श्रीदेवीबाई उंदीर त्यांच्या हातावर ठेवीत व चौकटीबाहेर सरकत.

थंडी पडू लागली तेव्हा गुरुसिद्धप्पांना आपल्या धंद्याचा उपयोग सुचला. मागावरून निघणारे रंगीत सुताचे तुकडे पोत्याने येतात. कुणी ते यंत्रे पुसायला नेतो, कुणी उशीत भरतो. त्यांनी पेटीत त्या सुताची जाड गादी केली. लाल, निळ्या, पिवळ्या गुंत्यातून पांढरे उंदीर डोके वर काढू लागले आणि फोटो पूर्वीपेक्षा चांगले येऊ लागले.

जानेवारीच्या प्रारंभी ते माझ्याकडे जिना चढून आले. कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे, हातात केळी.

"शरणार्थी सर," त्यांनी लिंगायत रीतीने नमस्कार केला. "एक काम हुतं."

"बोला."

"माजा सत्कार ठरलाय. व्यापाऱ्यांची संस्था करतीय, प्राणिमित्र म्हणून. मानपत्र लागतंय. तुमचं मराठी म्हंजे कसं, काना-मात्रा एक चुकायचा न्हाय."

"मानपत्र सत्कार करणाऱ्यांनी लिहायचे असते."

"त्येंनीच सांगितलंय, तुमीच लिहून आणा म्हणून. त्येंच्यात कुणाला लिहिता येतंय?"

माणसाने स्वतःच्या गौरवाचा मजकूर स्वतःच मिळवून द्यावा, ही पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे आणि तिची कुणाला लाजही वाटत नाही. तरीही, लिहायचे की नाही हे उंदीर पाहिल्यावर ठरवीन, असे सांगून मी खाली उतरलो.

श्रीदेवीबाई दुकानाच्या मागच्या खोलीत जमिनीवर बसल्या होत्या. पेटी त्यांच्यासमोर होती आणि मांडीवर एक मादी. तिचा मागचा पाय सुजून जांभळा झाला होता. दुसऱ्या एका उंदराला मागचे एक पाऊलच नव्हते. तेथे नुसते गाठीसारखे टोक उरले होते.

"हिला मी कुंटी म्हणते," त्या म्हणाल्या. कन्नडात लंगडीला कुंटी म्हणतात. "त्येचा पाय गळून पडला, सर. आता हिचा पण जाणार. ह्येंना सांगितलं तर म्हणतात, भांडले असतील."

"डॉक्टरला दाखवले का?"

"उंदराला डॉक्टर असतो व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रिक्षाने जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेलो. श्रीदेवीबाईंच्या मांडीवर फडक्याने झाकलेला स्टीलचा डबा होता. रांगेत मंद्रूपकडचा एक शेतकरी शेळी धरून पुढे उभा होता. त्याने फडके जरासे उचलून पाहिले.

"बाई, घरात मांजर न्हाय का?"

"हाय की. त्येला घरी ठेवून आले, नंबर चुकायला नको म्हणून."

रांग हसली. श्रीदेवीबाई हसल्या नाहीत. त्यांनी फडके पुन्हा नीट लावले.

आतील तरुण डॉक्टरीणबाईंनी भिंग घेतले, कुंटीचा पाय उजेडात धरला आणि बराच वेळ केसांत चिमटा फिरवला. मग सुजेच्या आत रुतलेला एक लाल धागा टोकाला धरून कापला आणि टेबलावर ठेवला. तो डोळ्यांना जेमतेम दिसत होता.

"अंथरुणाला काय घालता?"

"सूत. मऊ असतं म्हणून."

"माणसाला मऊ. ह्यांच्या पायाला एकदा वेढा पडला की हे जितकं ओढतात तितका आवळतो. रक्त थांबतं, पाय सडतो. सूत आजच काढा. साध्या कागदाच्या पट्ट्या घाला, दिवसा अंधारात ठेवा, नर-मादी वेगळे करा. हिचा पाय वाचेल, पण पुन्हा अडकला तर नाही."

संध्याकाळी हे सर्व नवऱ्याच्या कानावर घालताना श्रीदेवीबाईंनी मलाही बसवून घेतले. गुरुसिद्धप्पांनी शांतपणे ऐकले आणि गादीवर मांडी बदलली.

"चार पिढ्या आमी सूत विकतोय. सोलापुरातली तान्ही पोरं आमच्या टॉवेलात गुंडाळत्यात. सुतानं आजवर एकाचा तरी पाय गेलाय का?"

"तान्ह्या पोराचा पाय मुगाच्या शेंगेएवढा नसतो," मी म्हणालो.

"सर, तुमी मराठीत हुशार. सुतातलं मला विचारा. कागद घालून काय दिसंल? रद्दीचं दुकान. परवा संस्थेची माणसं बघायला येणार हायत."

"ते सूत पेटीत असेपर्यंत मी मानपत्र लिहिणार नाही."

"काढतो की," ते तत्काळ म्हणाले.

श्रीदेवीबाईंनी त्याच रात्री सूत काढून कागद घातला. सकाळी गुरुसिद्धप्पांनी कागद फेकून सूत भरले. बाईंनी पुन्हा काढले. नवऱ्याने पुन्हा भरले, आणि या खेपेस संस्थेच्या माणसांसाठी केशरी रंग निवडून आणला. येताजाता श्रीदेवीबाई एकेक उंदीर उचलून त्याचे चारही पाय चाचपून पाहत. दुकानात बसलेल्या नवऱ्याला त्याचेही कौतुक वाटे. "बगा, किती माया हाय," असे ते गिऱ्हाइकांना दाखवीत.

मी मानपत्र लिहिले नाही. त्याने काहीही अडले नाही. विरेशने मोबाइलला सांगितले आणि मोबाइलने लिहून दिले. सत्काराच्या दिवशी मी सभागृहात मागे बसलो होतो. मानपत्रात गुरुसिद्धप्पांना मूषकसम्राट म्हटले होते, त्यांच्या वनसंवर्धनाच्या कार्याचा गौरव केला होता आणि हिमालयातील त्यांच्या पदभ्रमणाचाही उल्लेख होता. हा माणूस पुण्याच्या वाटेवर टेंभुर्णीपलीकडे गेला की मळमळते म्हणून परत येतो. सभागृहात कुणाला काही खटकले नाही, कारण कुणी ऐकत नव्हते. वर व्यासपीठावर पेटी होती. तिच्यात चार पायांचे दोनच उंदीर ठेवले होते. "लंगडी नकोत, फोटो बिघडतोय," असा आदेश सकाळीच झाला होता. संस्थेच्या अध्यक्षांनी सत्कारमूर्तींच्या खांद्यावर चादर घातली, जी सत्कारमूर्तींच्याच दुकानातून आणलेली होती. श्रीदेवीबाईंना नेले नव्हते. घरी राहिलेल्या उंदरांजवळ कुणीतरी हवे, असे त्यांना सांगण्यात आले होते.

दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. गुरुसिद्धप्पांनी त्या दैनिकाचा गठ्ठाच्या गठ्ठा विकत घेतला आणि सकाळभर पेठेत वाटत फिरले. उरलेला गठ्ठा मागच्या खोलीत आणून टाकला. दुपारी एका शाळेच्या शिक्षिका मुलांना घेऊन प्राणिमित्रांना भेटायला येणार होत्या.

जेवण आटोपून मी वामकुक्षीला पडणार तोच श्रीदेवीबाईंनी जिन्यातून हाक मारली.

"सर, जरा खाली येऊन बसा की."

"काय झाले?"

"काय न्हाय. ऐकायला एक माणूस वाढतंय."

मी खाली आलो तेव्हा शाळेची मुले पायरीवर चपला काढत होती. पेटी गल्ल्याशेजारी होती आणि तिच्यावर फडके होते. गुरुसिद्धप्पा कालची चादर खांद्यावर घेऊन उभे होते. शिक्षिकाबाईंनी नमस्कार केला, तीन-चार मुलांनी मोबाइल वर धरले, आणि गुरुसिद्धप्पांनी फडके ओढले.

पेटीत सुताचा एक तंतू नव्हता. तळापासून अर्ध्यापर्यंत वर्तमानपत्राच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या भरल्या होत्या, आणि त्या पट्ट्यांवर गुरुसिद्धप्पांचा सत्कार होता. एका पट्टीवर चादर, एकीवर अर्धी मिशी, एकीवर 'सम्राट'. कुंटी त्यांच्या कपाळावर बसून आपले तोंड पुसत होती.

त्यांचा चेहरा उतरला. ते पत्नीकडे वळले. ते काही बोलण्यापूर्वी श्रीदेवीबाईंनीच, डोक्यावरचा पदर सारखा करीत, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटले, "अहो, सूत काढून कागद कशाला घातलाय, ते मुलांना सांगा की. तुमालाच नीट सांगता येतंय."

मुले त्यांच्याकडे पाहत होती. मोबाइल त्यांच्यावर रोखलेले होते. त्यांनी खांद्यावरची चादर वर ओढली, आणि मग ते चालू झाले. पाहुण्यांसमोर गुरुसिद्धप्पा पुस्तकी मराठी बोलतात.

"बाळांनो, हे शास्त्र आहे. लोकांना वाटते, सूत मऊ असते. मी चार पिढ्या सुतातला माणूस आहे, म्हणून सांगतो. सुताचा वेढा उंदराच्या पायाला बसला की पाय जातो. माझ्या घरात सुताचा एक धागा तुम्हाला पेटीत दिसणार नाही. आज नाही, कधीच नाही. आणि अंधार पाहिजे त्यांना," इतके बोलून ते थांबले, आणि श्रीदेवीबाई सहज म्हणाल्या, "म्हणून उद्यापासनं मागच्या खोलीत ठेवणार हायत ह्येनी."

"मागच्या खोलीत ठेवणार आहे," गुरुसिद्धप्पा म्हणाले.

"आणि नर-मादी येगळं."

"आणि नर-मादी वेगळे. हेही शास्त्र आहे."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. शिक्षिकाबाईंनी सर्व लिहून घेतले. विरेशने ते चित्रण संध्याकाळी सर्वत्र पाठवले आणि आठवड्याच्या आत गुरुसिद्धप्पांना पाळीव उंदरांच्या निगेवर बोलण्याची दोन निमंत्रणे आली. ती त्यांनी स्वीकारली आहेत. सुताचा धोका आपण पहिल्यापासून सांगत होतो, असे ते आता मलाही सांगतात, माझ्या तोंडावर, आणि त्यांच्या डोळ्यांत संकोचाची पुसट रेषाही नसते. मला वाटते त्यांना ते खरेच वाटते. असल्या माणसाला खोटे बोलण्याचे कष्टही पडत नाहीत.

हे मी एकदा श्रीदेवीबाईंपाशी बोललो. मागच्या खोलीत दार लोटून त्या मांडीवर जुने वर्तमानपत्र फाडत बसल्या होत्या. कुंटी लंगडत त्यांच्या मनगटापर्यंत चढली होती. सुजलेला पाय बारीक राहिला होता, पण जागेवर होता.

"तुमचे श्रम, आणि मान यांना," मी म्हणालो. "तुम्हाला राग येत नाही?"

"चार माणसांत ह्येनी जे बोलतात ते मोडत न्हाईत, सर. घरात बोललेलं कवा पाळलंय त्येंनी?" त्यांनी पट्टी ओढून सरळ फाडली. "बोलू द्या की. ह्या जिवांचं पाय तर ऱ्हायलं."