पेजेतलं सुकेळं

आईला मुदतीचा ताप आला तेव्हा नाताळ तीन-चार आठवड्यांवर होता आणि मी होते पंधरा वर्षांची, तोंडाळ, स्वतःला फार शहाणी समजणारी. घरात आम्ही तिघंच. बाबा पहाटे वाडीतली केळी-भाजी घेऊन बाजाराला जायचे ते दुपारी परतायचे. तोवर गिरीज गावातल्या त्या घरात चूलही माझी आणि आईही माझी.

डॉक्टरांनी बजावलं होतं की ताप पूर्ण उतरून आठवडा होईपर्यंत नुसती गाळलेली पेज द्यायची. शीतसुद्धा पोटात जाता कामा नये. आतडी नाजूक झालीयत, भोक पडलं तर जिवावर बेतेल. हे त्यांनी बाबांना सांगितलं, बाबांनी मला. मी मान हलवली.

मी रोज कण्या धुवायची, मातीच्या तवलीत रटरटू द्यायची, फडक्यातून गाळायची आणि चिमूटभर मीठ घालून वाटी घेऊन बसायची. आईला उठून बसवत नव्हतं. मानेखाली हात घालून डोकं उचलावं लागायचं. दोन घोट घेतले की ती तोंड भिंतीकडे फिरवायची. मला तिचा राग यायचा. खरंच यायचा. एवढं धुरात डोळे फोडून करते आणि बाईसाहेबांना घोट जात नाही! वाटी आपटून मी मोरीत जाऊन रडायची.

अंगणात तट्ट्यांवर सुकेळी वाळत होती. आमच्याकडे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, दाबून दाबून मऊ ठेवतात आणि केळीच्याच सुक्या पानात गुंडाळतात. दवात भिजू नयेत म्हणून संध्याकाळी ती आत घ्यायचं कामही माझ्याचकडे. सुकेळ्याला आमच्या घरात कुणी खाणं म्हणतच नव्हतं. दात न आलेल्या बाळाला काय, बाळंतिणीला काय, अंगात ताकद यायला आधी सुकेळंच. डॉक्टर बाहेरगावचे. भात नको, भाकरी नको, पाव नको, सगळं त्यांनी सांगितलं. सुकेळ्याचं नाव काढलं नाही.

ताप उतरून दोन दिवस झाले होते. त्या सकाळी मी एक अख्खं सुकेळं गरम पेजेत बोटांनी कुस्करलं. गाळलं नाही. मऊच तर आहे, गाळायचं काय त्यात? आईने डोळे मिटून पहिला घोट घेतला, मग दुसरा, मग वाटी संपवली. म्हणाली, आणखी आहे का? तीन आठवड्यांत पहिल्यांदा! मी अशी फुलले की विचारू नका. उरलेली पेजही दिली.

देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, दुपारची घंटा झाली आणि आईने पोट धरलं. बाबा नुकतेच आले होते. ते तसेच सायकलवर डॉक्टरांना आणायला गेले. मी काय केलं? तवली घासली. राखेने घासघासून लखलखीत केली आणि वाटीही धुऊन पालथी घातली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, काय खायला दिलंस? मी पालथ्या वाटीकडे बघत राहिले. एरवी एका शब्दाला चार शब्द परत करणारी मी!

“तिला काय विचारता?” आई म्हणाली. “ती विहिरीवर गेली होती. मीच उठून डब्यातलं सुकेळं खाल्लं.”

जिला मान उचलवत नव्हती ती बाई उठून डब्यापर्यंत गेली म्हणे. पण डॉक्टर तिच्यावर संतापले आणि बाबा त्याहून जास्त. पोरीने एवढं राबायचं आणि तू चोरून खातेस, असं बाबा तिला वाट्टेल तसं बोलले. मी तिथेच उभी होते. संध्याकाळपर्यंत पोट कडक झालं तर मुंबईच्या इस्पितळात हलवायचं, आणि तिथेही काही सांगता येणार नाही, असं सांगून डॉक्टर गेले. बाबा मोटारगाडी बघायला धावले.

मी आईच्या पोटावर हात ठेवून बसले. हात काढला की पोट कडक होईल असं वाटत होतं. मऊ आहे, अजून मऊ आहे, एवढंच मनात चाललेलं. सुकेळी दवात राहिली. संध्याकाळची घंटा झाली तरी पोट मऊच होतं आणि कळही ओसरली होती. तेव्हा कुठे मी तोंड उघडलं. “खोटं का बोललीस?”

“तुझं नाव आलं असतं तर तू परत चुलीपाशी गेली नसतीस,” ती म्हणाली. “मग माझी पेज कोण करणार?”

दुसऱ्या दिवशी मी पेज तीनदा गाळली. गाळता गाळता निम्मी सांडली. आईने ती नुसती पांढरी, बेचव पेज शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली आणि वाटी माझ्या हातात दिली.

पुढे बाबांनी हा किस्सा प्रत्येक लग्नात रंगवून सांगितला, आमच्या हिने मरता मरता सुकेळं चोरलं म्हणून. सगळे हसायचे. आईही हसायची, माझ्याकडे न बघता. आता दोघंही नाहीत. चोरी आईने केली नव्हती, बाबा. मी केली होती.