आमची कार्डं घाला

उभ्या गिरगावात ‘अंदाजे’ या शब्दाचा एवढा राग असलेला माणूस दुसरा झाला नाही. आमचे मावसोबा, म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, फणसवाडीत राहत आणि फोर्टातल्या एका विमा कचेरीत मशीनचा विभाग सांभाळत. भोकं पाडलेली कार्डं घातली की ते मशीन हिशेब करून देई. मावसोबांच्या खिशात सदैव शर्यतीचं घड्याळ. मावशी म्हणाली, “पाच मिनिटांत चहा देते,” की यांचा प्रश्न तयार, “स्टोव्ह पेटलेला धरून, की पिन शोधण्यापासून?” संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा निघाला तेव्हा पुढाऱ्यांनी लाखभर लोक म्हटल्याबरोबर हे नाक्यावर रांगा मोजत उभे! शेवटी कार्यकर्त्यांनीच त्यांना दंडाला धरून आत ओढलं. मग “झालाच पाहिजे” करून करून घसा बसला आणि मोजदाद राहिली ती राहिलीच.

त्यांच्याच हाताखाली मी टेंपररी कारकून होतो. लग्न नुकतं ठरलेलं. तेवढ्यात नवं मशीन विकायला एक टायवाला साहेब आला. त्याच्या खर्चाच्या तक्त्यात सगळं कसं सुरेख बसलं होतं: मशीन घ्या, आठ कारकून कमी करा. आठांत पहिलं नाव माझं! साहेबाने बॅगेतून स्वतःची कोरी करकरीत कार्डं काढून घातली आणि खर्रर्र करून गठ्ठा संपलासुद्धा. मॅनेजरांनी टाळ्या वाजवल्या.

मावसोबा शांतपणे म्हणाले, “छान पळतं. आता आमची कार्डं घाला.”

आमची कार्डं! दमट हवेने सादळलेली, कोपरे दुमडलेली, कुणाच्या तरी भज्यांचं तेल प्यालेली. चौथ्याच कार्डाला मशीनने मान टाकली. साहेब घामाघूम होऊन स्क्रूड्रायव्हर शोधू लागला.

“शोधा सावकाश,” मावसोबा म्हणाले. “तोही वेळ धरतोय.”

मला वाटलं, जिंकलो! पण या गृहस्थाने अहवालात काय लिहावं? ‘कार्डं नीट असतील तर मशीन जुन्यापेक्षा तिप्पट वेगवान आहे. घ्यावं.’

“मावसोबा, माझी नोकरी जाईल हो!”

“नोकरी तुझी आहे रे. आकडा कुणाचाच नाही.”

मग त्यांनी साहेबाचा तक्ता पुढ्यात ओढला आणि त्यात राहून गेलेली कामं एकेक करून लिहिली. कार्डं सरळ करायला माणसं, फाटलेल्यांऐवजी नव्या कार्डांना भोकं पाडायला माणसं, तपासायला माणसं. बेरीज केली, तर आठच्या आठ जागा पुन्हा हजर! मशीन आलं, विमेदारांची पत्रं वेळेवर जाऊ लागली, एकही कारकून गेला नाही आणि मी चक्क कायम झालो. त्या दिवशी कचेरीत आम्ही जो गलका केला, त्याने शिपाईसुद्धा स्टुलावरून उठून नाचला.

पेढे घेऊन फणसवाडीत गेलो. पाया पडून उठता उठता विचारलं, “मशीन अडकलं नसतं तर?”

“तर तसंच लिहिलं असतं.” मावशी आत गेल्याचं बघून त्यांनी आवाज खाली आणला. “तीन दिवस घास उतरला नाही रे घशाखाली. तुझ्या मावशीला काय तोंड दाखवणार होतो मी?”

एवढा माणूस माझ्यासाठी घाबरला होता आणि मला पत्ताच नव्हता. आता मावसोबा नाहीत. वाटतं, त्या दिवशी त्यांच्या पायांशी आणखी थोडा वेळ वाकून राहायला हवं होतं.