टिकलीएवढी कोरी जागा

माझे वडील साताऱ्यात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मी मुलगी असूनही त्यांनी माझ्या हातात ब्रश दिला आणि त्याबद्दल आईची बोलणी जन्मभर खाल्ली. "हिला भाकरी थापता येईना, पण मोराचा पिसारा बघा कसा काढते," असं ती येईल-जाईल त्याला सांगायची. पुढे लग्न होऊन मी कुंडलला आले, तेव्हा माझ्या ट्रंकेत लुगड्यांच्या खाली रंगांच्या वड्या होत्या. सासरी दोन म्हशी, थोडा ऊस, विधवा सासू आणि पलटणीत असलेला नवरा. सासूला मी आत्याबाई म्हणायची. त्यांनी त्या वड्या पाहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "खायाच्या न्हाईत न्हवं? मग ठेव वर."

नवऱ्याबद्दल सांगावं तर तो घरात होताच किती. रजेवर यायचा, आला की गोठ्याची कौलं शाकारायचा, म्हशींशी बोलायचा आणि जायचा. माझ्याशी बोलायला त्याला दोन दिवस लागायचे. पण एक गोष्ट त्याची माझ्याकडे राहिली. मला सगळ्याच कामात घाई. सकाळी आरशात न बघता कुंकू लावायची आणि ते हटकून डाव्या भिवईकडे सरकायचं. आत्याबाई चुलीकडे वळल्या आहेत असं बघून तो अंगठ्यानं ते मध्ये ओढायचा आणि म्हणायचा, "गाडी घसरली बघ तुजी पुन्यांदा." खरं सांगायचं तर पुढे पुढे मी ते मुद्दाम तिरकं लावायला लागले. त्याला ते कळलं होतं की नाही, विचारायचं राहूनच गेलं.

जपानशी लढाई जुंपली आणि त्याची पलटण ब्रह्मदेशाकडे गेली. पत्रं यायची थांबली आणि मग सरकारी कागद आला की तो बेपत्ता आहे. मेला असं त्यात नव्हतं, जिवंत आहे असंही नव्हतं. लढाई संपली तशी गावातली माणसं एकेक करून परत यायला लागली. शेजारच्या गावात तर घरच्यांनी दिवस घातलेला एक जण धडधाकट परत आला, आणि बायकोनं त्याला बघून आधी दार लावून घेतलं. ही गोष्ट लोक हसून सांगत. मी मात्र ती पुन्हा पुन्हा सांगायला लावायची.

रिकाम्या हातांना काम हवं म्हणून वडिलांनी मला सांगलीच्या एका छापखान्याशी जोडून दिलं. मालक मुसलमान, वडिलांचे जुने दोस्त. मी त्यांना चाचा म्हणायची. त्यांच्याकडे शिळाप्रेस होता. मी कागदावर चित्र काढून द्यायची, ते त्यांचे कारागीर दगडावर उतरवायचे आणि प्रत्येक रंगाला वेगळा दगड लावून छापायचे. तपकिरीच्या डब्या, दंतमंजनाच्या पुड्या, उदबत्तीचे पुडे, सुयांची पाकिटं यांवरची चित्रं मी आमच्या स्वयंपाकघरात बसून काढली. चूल शांत झाली की पाट उलटा करायचा आणि त्यावर कागद पसरायचा. आत्याबाई शेजारी जोंधळे निवडत बसायच्या. हत्तीच्या पायाला नखं काढायची राहिली तर त्यांना आधी दिसायचं.

तेव्हा गावाकडची बाई दुकानात जाऊन मालाचं नाव सांगत नसे. नाव वाचणार कोण? ती म्हणायची, हत्तीची तपकीर द्या, घोड्याच्या सुया द्या. चित्र हेच नाव. म्हणून चित्र एकदा गिऱ्हाइकाच्या डोळ्यात बसलं की व्यापारी त्याचं शेपूटसुद्धा हलवू देत नसत. माझा हत्ती कराडच्या बाजारात दिसला, पाटणला दिसला, वाईच्या घाटावर एका भटजींच्या कनवटीला दिसला, असं कोण कोण येऊन सांगायचं. मी कुंडलच्या बाहेर क्वचित जायची आणि माझी चित्रं गावोगाव हिंडत होती.

अशात चाचांकडे एक कुंकवाचे व्यापारी आले. त्यांनी मुंबईहून जिलेटिनचा कागद आणला होता. पाण्यासारखा आरपार, हातात घेतला की चुरचुरणारा. त्यांना कुंकवाच्या पुड्या त्या कागदाच्या करायच्या होत्या, वर बाईचा मुखडा छापून. त्या महिन्यात मी आणि आत्याबाई सर्व्हिस मोटारीनं सांगलीला गेलो होतो. व्यापारी म्हणाले, "बाई, असं काही काढा की गिऱ्हाइकानं दुसऱ्या पुडीकडे बघू नये."

मी तो कागद उजेडाकडे धरला आणि मला ते एकदम दिसलं. सगळा चेहरा छापायचा, केस, नथ, डोळे, खाली हिरवं लुगडं. फक्त कपाळावर टिकलीएवढी जागा कोरी ठेवायची. तिथून आतलं कुंकू दिसेल. बाईच्या कपाळी शाईचं नव्हे, खरं कुंकू. मी बोलले तसे चाचा हातातली पुसणी खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागले. व्यापाऱ्यांनी तर बसल्या जागी मांडीवर थाप मारली.

छापणं सोपं नव्हतं. त्या कागदावर शाई वाळता वाळेना, बोट लागलं की बाईचं नाक गालावर जाई. चाचांनी छापखान्यात दोऱ्या बांधल्या आणि एकेक ताव कपड्यासारखा वाळत घातला. आधी पांढरा रंग, मग त्यावर बाकीचे, आणि प्रत्येक वेळी ती एवढीशी जागा वाचवायची. आणि त्या जागेवरूनच आमचं वाजलं. मी ती कपाळाच्या मध्यावर काढली नव्हती. डाव्या भिवईकडे सरकलेली काढली होती.

"आवं ताई, ह्ये चुकलंय," चाचा म्हणाले. "मदी घेतो मी."

"चुकलेलं नाही. तसंच ठेवा."

"लोक म्हनतील चाचाचा दगड हलला."

"म्हणू देत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आता सांगते. पत्र जायला पत्ता लागतो, पुडीला लागत नाही. ती बाजारातून बाजारात जाते, कुणाच्या तरी पिशवीतून स्टेशनावर जाते, छावणीजवळच्या दुकानात टांगली जाते. तो कुठे असेल, इस्पितळात, दुसऱ्या गावात, सारं विसरून कुणाच्या शेतावर राबत असेल, पण कधीतरी एखाद्या दुकानासमोर उभा राहील. तिथे तिरक्या कुंकवाची बाई बघेल आणि त्याचा अंगठा आपोआप पुढे जाईल. वेडेपणा होता, मला काय कळत नव्हतं? पण वाट बघणाऱ्याला शहाणपण परवडत नाही.

पुडी बाजारात आली आणि बघता बघता तिचं नाव झालं. पहिली पुडी मी घरी आणून देवळीत ठेवली. आत्याबाईंनी ती उलटीपालटी करून बघितली, कपाळाच्या जागी बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "घसरलीया." एवढंच. त्यांना सगळं दिसायचं, फक्त त्या बोलायच्या नाहीत. त्या पुडीतून माझा करंडा भरण्याचं काम मात्र त्यांनी आपल्याकडे घेतलं. त्या स्वतः कुंकू लावत नव्हत्या, पण माझा करंडा कधी रिकामा होऊ दिला नाही.

दोनेक महिने गेले असतील. चाचांचा निरोप आला, लगेच या. मी गेले तर व्यापारी तोंड वाकडं करून बसले होते आणि समोर परत आलेल्या पुड्यांचा ढीग. सगळ्या अर्ध्या वापरलेल्या. मी एक उचलली आणि उजेडाकडे धरली. पुडी उभी ठेवायची, वरून उघडायची, वरून कुंकू घ्यायचं. बाईचं डोकं अर्थातच वर. म्हणजे चार बोटं कुंकू वापरलं की सगळ्यात आधी तिचं कपाळ रिकामं होणार. नथ, हिरवं लुगडं, हसरे डोळे आणि कपाळ पांढरं फटक. घराघरात सवाष्ण म्हणून आलेली बाई महिन्याभरात देवळीतच विधवा होत होती.

आम्ही तिघांनी मिळून केलेलं ते काम. दगड घासले, रंग जुळवले, दोऱ्या बांधल्या, आणि कुंकू वापरलं की खाली जातं हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

"बायका पुडी घरात ठेवायला तयार नाहीत," व्यापारी म्हणाले. "टाकवतही नाही, कुंकू आहे ना. घाटावर जाऊन कृष्णेत सोडतात. कुणी म्हणतं, जिनं काढली तिचाच..." ते थांबले. चाचांनी त्यांना डोळ्यांनी दटावलं होतं.

मी म्हणाले, "पुरं बोला की. जिनं काढली तिचाच नवरा बेपत्ता आहे, असंच ना? बेपत्ता आहे. मेलेला नाही." माझा आवाज चढला होता. व्यापारी भला माणूस, त्यानं मान खाली घातली. पण माल परत घ्यायचा हे ठरलेलंच होतं. नवी पुडी साध्या कागदाची, कुंकू शाईचं आणि ते बरोबर मध्यावर. ते चित्र मीच काढून दिलं. पट्टी लावून मध्य काढला. तिथे बसून ते काढताना मला रडू आलं आणि चाचांच्या देखत मी ते पुसलंही नाही. माझी बाई आता कुठल्या दुकानात टांगलेली नसणार होती. त्याला बघायला काही उरलं नव्हतं.

घरी आले तर ओसरीवर चुलत सासरे बसलेले. घरातले वडीलधारे तेच. पुडीची बोलवा त्यांच्यापर्यंत पोचली होती. बारा वर्षं वाट बघायची आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून क्रिया करायची, अशी रीत. पण ते म्हणत होते की पुढच्या अवसेलाच उरकून घेऊ. आत्याबाई खांबाला टेकून म्हणाल्या, "तुमी थोरलं हायसा. तुमास्नी योग्य वाटंल ते करा." शेताचा बांध घालायचाय इतक्या सहज. मला त्यांचा असा राग आला की मी त्यांच्याकडे न बघता आत गेले. आईनंच सोडून दिल्यावर मी कुणाच्या जिवावर भांडणार होते?

मग मला देवळीतली आमची पुडी आठवली. पहिलीच पुडी ती, सगळ्यात आधी उघडलेली, रोज वापरातली. तिचं कपाळ तर केव्हाच रिकामं झालं असणार, आणि मी रोज तिच्यापुढून जात होते. मी दिवा जवळ नेला. बाईच्या कपाळी कुंकू होतं. लालभडक, तिरकं, काठोकाठ.

मी पुडी हातात घेतली. वरच्या थरात माझ्या व्यापाऱ्याचं कुंकू नव्हतं. हे जाडंभरडं होतं, थोडं काळपट, आठवड्याच्या बाजारात पोत्यावर ढीग घालून विकतात ते. दर बाजारी भाजीला जाणाऱ्या एकट्या आत्याबाई. पांढऱ्या कपाळाची म्हातारी बाई कुंकवाच्या ढिगापुढे उभी राहून सुटं कुंकू मागते, तेव्हा भोवतीच्या बायका कशा बघत असतील, ते मला न बघता दिसलं.

चुलत सासरे गेल्यावर त्या आत आल्या. माझ्या हातात पुडी बघून जागीच थांबल्या.

"आत्याबाई, तुम्ही भरताय ही?"

"खाली जाया लागलं की जीव घाबरा व्हतो," त्या म्हणाल्या. "म्हून भरती."

"मग चुलत मामंजींना क्रिया करा म्हणून का सांगितलंत?"

त्यांनी पुडी माझ्या हातातून घेऊन परत देवळीत ठेवली. म्हणाल्या, "मला वाटलं तू सुटशील. तरनी हायस. मी न्हाई म्हनले तर तुला बारा वर्सं बसून ऱ्हावं लागंल."

इतकी वर्षं आम्ही दोघी एका चुलीपुढे बसून एकाच माणसाची वाट बघत होतो आणि एकमेकींना चुकवत होतो. मी म्हणाले, "मला सुटायचं नाही." त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः चुलत सासऱ्यांच्या घरी गेल्या आणि सांगून आल्या की अवसेला काही करायचं नाही.

बाजाराचा दिवस आला तेव्हा मी पिशवी उचलली. म्हणाले, "यापुढे कुंकू मी आणते. तुम्ही कशाला लोकांच्या नजरा सोसायच्या?"

त्यांनी माझ्या हातातून पिशवी काढून घेतली. "तुजं तू लावतीस न्हवं रोज? त्ये तुज्या नवऱ्याचं," त्या म्हणाल्या. "ह्ये माज्या लेकाचं हाय."

त्या गेल्या, आणि पुढे दर बाजारी त्याच जात राहिल्या. तो आला नाही.