अब्बांचा कॉड

मिरकरवाड्याच्या जेटीवर काल बर्फाच्या पेटीत हात घातला आणि नॉर्वेतली ती भाड्याची बोट आठवली. अम्मी गेल्यापासून अब्बा गप्पच झाले होते. म्हणून तिकडे नोकरीला असलेल्या भावाने आम्हाला बोलावून मासेमारीला नेलं. समुद्र राखाडी होता, वाऱ्याने ओठ बधिर झाले होते. एकाएकी अब्बांची गळाची काठी वाकली. बोटवाला मदतीला धावला.

“हात लावू नको, मीच घेतो!” अब्बा मराठीतच ओरडले.

बराच वेळ झुंजून त्यांनी भलामोठा कॉड वर घेतला. त्याच्याकडे बघत म्हणाले, “तुमच्या अम्मीने याचं डोकं कुणाला दिलं नसतं.”

मग परतेपर्यंत ते अम्मीबद्दलच बोलत राहिले. मला वाटलं, अब्बा सावरले. आता वाटतं, अम्मी गेल्याचं त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.