मागे जोडायची लाल गाडी

क्वार्ट्झसाइट गावाजवळच्या वाळवंटात हिवाळा काढायला उत्तरेकडून म्हातारीकोतारी माणसं आपापली मोटरहोम, म्हणजे चाकांवरची घरं, घेऊन उतरत. बसएवढं ते धूड हाकत दूध-पाव आणायला कोण जाणार? म्हणून जो तो मागे एक छोटी गाडी जोडून आणायचा. ती तशी ओढता यावी यासाठी पुढचा बंपर उतरवून सांगाड्याला लोखंडी पट्टी आवळायची, मोटरहोमपासून तिच्या मागच्या दिव्यांपर्यंत तारा न्यायच्या, दोन्हींचे ब्रेक एकदम लागतील असं बघायचं. हार्लन स्टाउट हेच काम तीस वर्षं करत होता. हजारो मैल जाणाऱ्या गाड्या त्याच्या हाताखालून गेल्या. तो स्वतः मात्र कुठेच गेला नव्हता. धाकटा भाऊ लॉइड जन्मापासून अधू. हार्लनने भरवल्याशिवाय घास घेत नसे.

नऊ वर्षांपूर्वी ग्लेनिस कोलबी आयडाहोहून एकटीच मोटरहोम चालवत आली. नवरा वर्षापूर्वीच वारला होता.

"तो म्हणायचा, बाईमाणसाला हे धूड झेपायचं नाही," तिने सांगितलं. "आता तो गेला आणि धूड राहिलं. तुम्ही एवढी लाल गाडी मागे जोडता येईल अशी करून द्या."

हार्लनने दोन दिवस खपून ती करून दिली. तेव्हापासून दर नोव्हेंबरला ती हकलबेरीच्या जॅमची बरणी घेऊन त्याच्या कामाच्या शेडमध्ये यायची. लॉइडशेजारी बसून त्याला पत्ते शिकवायची, तो भलतंच पान टाकायचा आणि जिंकायचा. तिसऱ्या हिवाळ्यात 'तुम्ही'चं 'तू' झालं, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मार्च आला की मात्र हार्लनचं कामात लक्ष लागेना. ग्लेनिस निघायच्या दिवशी तो पहाटेच तिच्याकडे जायचा. दोन्ही गाड्या जोडणाऱ्या दांड्याच्या खिळी, साखळ्या तपासायचा. गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना, हँडब्रेक सोडलाय ना, स्टिअरिंग मोकळं आहे ना, सगळं पाहायचा. मग ग्लेनिस मोटरहोममध्ये बसून दिवे लावायची आणि तो मागून ओरडायचा, "डावा! उजवा! आता ब्रेक दाब!" सगळं ठीक असलं तरी म्हणायचा, "पुन्हा एकदा बघू." मग ती जायची. त्या दिवशी तो कुठल्याही गाडीला हात लावत नसे.

यंदा मार्चची वाट न बघता जानेवारीतच ती शेडमध्ये आली. हातात बरणी नव्हती.

"हार्लन, ती पट्टी काढून टाक. गाडी होती तशी कर."

"का? काही वाजतंय का?"

"या दोन महिन्यांत माझे डोळे गेलेत. मधलं काही दिसतच नाही, नुसत्या कडा दिसतात. मोटरहोम विकलं मी. माझी लेक टेरी म्हणते ओहायोला ये. ही गाडी तिला देणार. ट्रकवर घालून पाठवते, मी विमानाने जाते."

हार्लनने बंपर उतरवला. स्वतः आवळलेले बोल्ट स्वतः सोडवायला त्याला अख्खी दुपार लागली. हात पुसत तो म्हणाला, "ट्रक कशाला? मी नेतो. तुलाही आणि गाडीलाही."

"चार दिवसांचा रस्ता आहे बाबा. आणि लॉइड?"

"शेजारच्या मेबलला विचारलंय. आठवडाभर बघते म्हणाली."

"म्हणजे मला विचारायच्या आधी मेबलला विचारलंस!"

ते निघाले. ग्लेनिस शेजारी बसून विचारायची, आता काय दिसतंय? हार्लन सांगायचा: लाल डोंगर आहेत, मालगाडी चाललीय, शंभरावर डबे असतील. जन्मात एवढं तो बोलला नव्हता. दुसऱ्या दिवशी न्यू मेक्सिकोतल्या एका खानावळीत कॉफी ढवळत ती म्हणाली,

"दिवे पहिल्याच वेळी लागायचे. मला ठाऊक होतं."

हार्लनने कप खाली ठेवला. "मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून वाट बघत होते. एका वर्षी तर इंजिन बंद करून बसले होते."

"मी काय बोलणार होतो? तुला फिरायचं वेड, आणि मी लॉइडपायी खुंट्याला बांधलेला."

"हे मी ठरवायचं होतं ना, मूर्खा?"

"आता ठरव. परत फिरू."

ती बशीवर बोट फिरवत म्हणाली, "आता नाही रे. एकाला भरवतोस, उद्या दुसरीला हाताला धरून न्यायचं तुझ्या माथी? ते मला जमणार नाही." टेबलावर चाचपडत तिने त्याचा हात शोधला, आणि बिल येईपर्यंत सोडला नाही.

ओहायोत टेरीने त्याला जेवायला बसवलं, मग बसथांब्यावर सोडलं. ग्लेनिस बरोबर आली होती. तिने दोन्ही तळव्यांनी त्याचा चेहरा चाचपून पाहिला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि म्हणाली, "दाढी नीट करत जा."

बसने घरी पोचायला तीन दिवस लागले. लॉइड त्याच्यावर रुसून बसला होता. पुढल्या थंडीत गाड्या आल्या तशा हार्लन त्या जोडणीला तयार करत राहिला. रविवारी ग्लेनिसचा फोन येतो. आधी ती लॉइडशी बोलते, मग त्याच्याशी. बाकीच्या दिवशी तो सकाळी उठून आधी टीव्हीवर ओहायोत किती बर्फ पडला ते बघतो आणि मग शेडचं दार उघडतो.