कात्रीवहिनींची रिकामी खुंटी

तुमचं वाचनालयाचं कार्ड आत्ता, या क्षणी, कुठे आहे? पाकिटात? खणात, जुन्या किल्ल्यांच्या खाली? की कधी काढलंच नाही? बोला की. गप्प बसलात तरी हरकत नाही, कारण कात्रीवहिनींच्या अख्ख्या गल्लीत मिळून एकच कार्ड होतं, आणि त्यापायी केवढं रामायण झालं ते आता ऐकाच.

वहिनी शिवणकाम करते. दीर तिला वहिनी म्हणतो म्हणून गल्लीही म्हणते. जीभ अशी चालते की पुढची ‘कात्री’ आपोआप लागली. तळमजल्यावर एक खोली, खिडकीशी दोन मशिनं, मागे इस्त्रीचं टेबल. इस्त्री दिराकडे, बोलण्याचं खातं वहिनीकडे.

जर्मन भाषा तिच्या घरात आली ती खोक्याच्या तळाशी बसून. तिने जुनं मशीन घेतलं, त्याखाली कुणीतरी जर्मन शिवणमासिकातला एक भलामोठा कागद अंथरला होता. लाल, निळ्या, काळ्या रेघा एकमेकींत अशा गुंतलेल्या, जणू शहरभरच्या वायरी कुणी त्यावर ओतल्या होत्या. दुसऱ्या कुणी त्यात चपला गुंडाळल्या असत्या. वहिनीला त्यात कोट दिसला. निळी रेघ बोटाने धरून ती गेली ती कॉलरपाशीच थांबली. मग कापड कापलं, शिवलं आणि दिराच्या अंगावर चढवलं. कोट चढला, पण भाऊजींचे हात काही खाली येईनात. जर्मन मासिकवाले शिवणीची माया, म्हणजे कडेचं जादा कापड, कागदावर धरत नाहीत, ती ज्याची त्याने सोडायची असते, हे तिला कोण सांगणार? उडायच्या बेतात असलेल्या पक्ष्यासारखा दीर दारात उभा राहिला आणि गल्ली पोट धरून हसली. वहिनीने तोच कोट सगळ्यांसमोर उसवला आणि नव्या कापडावर, माया सोडून, पुन्हा शिवला. तो कोट दीर अजून घालतो.

पुढे वाचनालयाने सोय काढली. कार्ड असेल त्याने परदेशी मासिकं आणि गाण्यांचे आल्बम फुकट डाउनलोड करायचे. वहिनीने त्याच दिवशी कार्ड काढलं. आता दर महिन्याला जर्मन अंक फोनवर उतरायचा, दीर पानं छापून आणायचा, आणि वहिनी ती जमिनीवर पसरून चिकटपट्टीने जोडायची. खाकी कागदावर उतरवलेले भाग भिंतीवरच्या खुंटीला टांगलेले. ज्या बाईला हवे तिने न्यावेत, आपल्या मापाचं कापावं, परत आणून लावावेत. भाषा वहिनीला अंगापुरतीच आली. एर्मेल म्हणजे बाही, क्रागेन म्हणजे कॉलर. पण तेवढ्यावर ती भांडायची सुद्धा. “तुझं क्रागेन वाकडं बसलंय” म्हणाली की समोरच्या बाईचा हात आपसूक मानेकडे जायचा.

गाण्यांचं खातं दिराकडे. लांब सरळ शिवणीला बँडचा आल्बम, कारण ढोलावर पाय बरोबर पडतो. बाही लावताना मात्र संथ पियानो, नाहीतर चुण्या पडतात. खिडकीतल्या स्पीकरवर गल्लीचा दिवस चालायचा. समोरचा टॅक्सीवाला बँड लागल्याशिवाय गाडी धुवायला घेत नसे.

आणि एक दिवस वाचनालयाच्या दारावर पाटी लागली: महिनाअखेरीस डाउनलोडची सोय बंद.

वहिनी टेप गळ्यात तशीच ठेवून पोहोचली. ग्रंथपालबाई शांत स्वभावाच्या. त्यांनी ऐकून घेतलं, बरंच ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की ही सोय वापरणारं माणूस एकच आहे, तुम्ही.

“एकटी? माझ्या गल्लीत या आणि त्या मासिकातला कोट न घातलेली एक बाई दाखवा मला.”

“गल्ली मला दिसते, वहिनी. वरच्यांना कार्ड दिसतं. एक कार्ड म्हणजे त्यांच्या लेखी एक माणूस.”

वहिनीची कात्री पहिल्यांदा अडली. एकदा उतरवायचं आणि सगळ्यांना पुरवायचं, यातच तर तिचा तोरा होता. कुणाला कार्ड काढायची गरजच पडू दिली नव्हती तिने. तिच्याच मोठेपणाने गल्ली पुसून टाकली होती.

घरी येऊन तिने खुंटी रिकामी केली. सगळे कागद पेटीत, पेटीला कुलूप. दिराला सांगितलं, स्पीकर बंद. दीर म्हणाला, वहिनी, हा तर संप झाला. ती म्हणाली, झालाच.

दोन दिवसांत गल्लीचा पारा चढला. शेजारीण अर्धवट कोट घेऊन दारात आली, दुसऱ्या बाहीसाठी कागद मागायला.

“एका बाहीचा कोट घालून फिरू का मी?”

“फीर. कुणी विचारलं तर वाचनालयाचा पत्ता सांग.”

टॅक्सीवाला आला. म्हणाला, गाडीवर धूळ बसलीय, पण हातच उचलत नाही. वहिनी म्हणाली, कार्ड काढा, मग उचलेल. तो पुटपुटत गेला, पण गेला वाचनालयाकडेच. त्याच्यामागे शेजारीण गेली, तिच्यामागे तिची सासू. सासूला शिवण नको होती. तिला तो तुतारीसारख्या वाद्याचा आल्बम हवा होता, जो लागला की नवऱ्याचं घोरणं ऐकू येत नाही. मग वाचनालयात खरोखरची रांग लागली. टॅक्सीवाल्याने आल्बमऐवजी चुकून विणकामाचा जर्मन अंक उतरवला आणि तोच मोठ्या दिमाखात सगळ्यांना दाखवत सुटला.

महिनाअखेरीस ग्रंथपालबाई वहिनीकडे आल्या. वहिनीने त्यांना बसू दिलं नाही, सरळ टेप लावली.

“बोला, पण हलू नका.”

हात आडवे पसरून, त्या पहिल्या कोटातल्या दिरासारख्या उभ्या राहून, बाईंनी सांगितलं: सोय चालू राहिली. वहिनीने माप घेता घेता मान फिरवली, डोळे पुसले की नाही ते दिसलं नाही. मग दिराला म्हणाली, “भाऊजी, बँड लावा.”

समोर टॅक्सीवाल्याची बादली वाजली.

वहिनीने मग बाईंना विचारलं, तुम्ही स्वतः कधी काही उतरवलंत का हो? बाई लाजल्या. कार्ड होतं, पण खणात.

तेव्हा तो खण उघडा. किल्ल्या बाजूला करा, कार्ड शोधा, नसेल तर उद्या सकाळी जाऊन काढा, आणि त्यावर एक मासिक नाहीतर एक आल्बम तुमच्या स्वतःच्या नावाने उतरवून घ्या.